बाजार समितीच्या आवारातले राजकीय अर्थशास्त्र : एका ख्रिस्ती महाविद्यालयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्राच्या कांदापट्ट्यातील, जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयाचे आहे. संस्था आणि व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील गाळले आहेत, तर काही बदलले आहेत; निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत. प्रस्तुत लेखक या काळात महाविद्यालयाच्या समन्वय समितीचा सदस्य होता.

मिशनच्या शैक्षणिक कामातून उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयाचा कारभार चर्चशी संलग्न विश्वस्त संस्था पाहते. विद्यार्थ्यांत ख्रिस्ती थोडे आहेत. बहुसंख्य मुले आसपासच्या तालुक्यांतून एसटीने ये-जा करणारी, शेतकरी, शेतमजूर आणि छोट्या दुकानदारांच्या घरची आहेत. ख्रिस्ती विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील मिशनच्या दवाखान्यात किंवा शाळांत नोकरीला आहेत आणि त्यांच्या दोन पिढ्या याच आवारात वाढल्या आहेत. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे दोन्ही विभाग एकाच मजल्यावर आहेत, पण या प्रकरणापर्यंत त्यांनी मिळून एकही उपक्रम केलेला नव्हता.

महाविद्यालय स्वायत्त असल्याने नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम येथे २०२३-२४ पासून लागू झाला. त्या तुकडीची मुले जून २०२४ मध्ये द्वितीय वर्षाला आली, आणि क्षेत्रप्रकल्प त्यांच्या वेळापत्रकात सक्तीचा म्हणून उभा राहिला. दोन क्रेडिट, म्हणजे सुमारे साठ तासांचे प्रत्यक्ष काम, असा हिशेब होता. अशा सक्तीचे पुढे काय होते ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्राध्यापकाला सांगावे लागत नाही. एखाद्या बँकेला किंवा दूध संघाला भेट द्यायची, तिथे फोटो काढायचा, जुन्या अहवालातली पाने उतरवायची आणि स्पायरल बाइंडिंग करून विभागात जमा करायचे. हे टळावे अशी दोन्ही विभागांतल्या काही शिक्षकांची मनापासून इच्छा होती, परंतु त्यासाठी कोणी काय करायचे हे ठरलेले नव्हते.

अडचण

विद्यार्थ्यांसाठी संधी नव्हत्या असे म्हणता येणार नाही. सूचनाफलकावर त्या भरपूर लागत असत : मुंबईतल्या संशोधन संस्थेत उन्हाळी उमेदवारी, दिल्लीत धोरण अभ्यासाचे शिबिर, पुण्यात सांख्यिकी कार्यशाळा. मागच्या काही वर्षांत त्या कोणी घेतल्या हे पाहिल्यावर मात्र एक गोष्ट ठळकपणे दिसली. जाणारी मुले बहुतेक करून अशी होती, ज्यांचा मामा किंवा आत्या त्या शहरात राहत होती. उमेदवारी बिनपगारी होती, राहण्याची सोय स्वतःची स्वतः करायची होती, अर्ज आणि मुलाखत इंग्रजीत होती. शिवाय या संधी नेमक्या एप्रिल-मेमध्ये येत, जेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी, काटणी आणि साठवणुकीच्या चाळीत भरणी चालू असते आणि शेतकऱ्याच्या घरातला एकही हात मोकळा नसतो. ज्या मुलांच्या जगण्यात राजकीय अर्थव्यवस्थेचे सगळे प्रश्न रोज येतात, त्याच मुलांना तो विषय शिकण्याची संधी परवडत नव्हती.

दुसरी अडचण अभ्यासक्रमाची होती. ती समितीच्या लक्षात आली तीन विद्यार्थ्यांमुळे. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी कांदा उत्पादक घरातली होती. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली, आणि ४ मे २०२४ रोजी बंदी उठवली तेव्हा टनामागे ५५० डॉलर ही किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवले. या घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने तिच्या घरचे कर्ज वाढले होते. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने विचारले, "सर, बंदी उठली म्हणतात, मग माल अजून चाळीतच का आहे?" अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याच्या रेषा होत्या आणि राज्यशास्त्राच्या पुस्तकात संसदेची रचना होती. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा देण्याचा निर्णय कोणत्या दबावातून होतो, त्याची किंमत कोण मोजतो आणि मोजणाऱ्याचा आवाज कुठे पोहोचतो किंवा पोहोचत नाही, हे या दोन्हींतल्या कोणत्याही पुस्तकात नव्हते.

दुसरा विद्यार्थी बाजार समितीतल्या हमालाचा मुलगा होता. तिसरी विद्यार्थिनी ख्रिस्ती होती आणि तिची आई मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिचा प्रश्न शिष्यवृत्तीचा होता, आणि पुढे समितीने त्यावर घेतलेला निर्णय या प्रकरणातला सर्वांत वादग्रस्त ठरला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बाहेरून चालत आला. सार्वजनिक धोरण आणि मुक्त बाजार या विषयांवर काम करणाऱ्या एका संस्थेने निवडक विद्यार्थ्यांसाठी वर्षभराची फेलोशिप देऊ केली. दरमहा विद्यावेतन, इंग्रजी पुस्तकांचा संच, दोन निवासी शिबिरे आणि शेवटी निबंध असे तिचे स्वरूप होते. रक्कम लहान महाविद्यालयाच्या दृष्टीने मोठी होती. अटी तीन होत्या : वाचनाची यादी संस्था ठरवणार, निबंधाचे विषय तिच्याच यादीतून निवडायचे, आणि विद्यार्थ्यांची निवड संस्थेचे लोक इंग्रजीत मुलाखत घेऊन करणार.

दुसरा पर्याय राजकीय अर्थशास्त्राचा स्वतंत्र प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करण्याचा होता. कागदावर तो सर्वांत नीटनेटका दिसत होता. मात्र त्यासाठी अभ्यासमंडळाची आणि विद्वत परिषदेची मंजुरी लागणार होती, आणि तास कोण घेणार याला उत्तर नव्हते. दोन्ही विभागांतली निम्मी शिकवणी तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर अवलंबून होती आणि त्यांचे मानधन आधीच महिनोन्महिने रखडत होते.

तिसऱ्या पर्यायात नवे काही उभारायचे नव्हते. क्षेत्रप्रकल्पाचे जे तास वेळापत्रकात होतेच ते दोन्ही विभागांनी एकत्र करायचे, मुलांना गावच्या बाजार समितीच्या आवारात पाठवायचे, आणि त्याला जोडून दर शनिवारी मराठीतला वाचनगट चालवायचा. खर्च थोडा होता. तोही माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून आणि विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेतून भागवायचा विचार होता.

निर्णय कसा झाला

फेलोशिप नाकारायची की स्वीकारायची यावर समितीच्या बैठकीत बराच वेळ गेला. फेलोशिपच्या बाजूने मांडलेला मुद्दा हलका नव्हता. ज्या मुलांच्या खिशात एसटीच्या पासाव्यतिरिक्त काही नसते, त्यांना दरमहा पैसे मिळत असताना वैचारिक समतोलाच्या नावाखाली ते नाकारण्याचा अधिकार पगारदार प्राध्यापकांना कोणी दिला, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते, आणि आजही ते पूर्णपणे सापडले आहे असे लेखकाला वाटत नाही.

विरुद्ध बाजूला तीन गोष्टी होत्या. एक म्हणजे वाचनयादी. तिच्यात सरकारी हस्तक्षेपावर टीका करणारे लेखन भरपूर होते आणि ते वाचलेच पाहिजे असे सर्वांचे मत होते. कांदा निर्यातबंदी समजून घ्यायला त्यातले बरेच उपयोगी पडले असते. पण सहकाराचा, मजुरीचा आणि जातीचा विचार करणारे त्यात काहीच नव्हते. ज्या प्रदेशात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी मिळून उभा केला, तिथल्या मुलांना सहकार वगळून राजकीय अर्थशास्त्र शिकवणे समितीला पटले नाही. दुसरी गोष्ट निवडीची होती. इंग्रजी मुलाखतीतून पुन्हा शहरात नातेवाईक असलेलीच मुले निवडली जाणार हे उघड होते.

तिसरी गोष्ट कायद्याची होती आणि ती विश्वस्तांनी मांडली. देणगीदार संस्थेच्या निधीचा काही भाग परदेशी होता. विदेशी अंशदान विनियमन कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, अशी रक्कम मिळवणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही, आणि थेट परदेशातून घ्यायची तर नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच घ्यावी लागते. ख्रिस्ती संस्थेची अशी नोंदणी हा आज किती नाजूक विषय आहे हे विश्वस्त जाणून होते. दवाखान्याचा काही खर्च त्याच नोंदणीवर चालत होता. पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात द्यायचे ठरवले असते, तर शिबिरांवर आणि निवडीवर महाविद्यालयाचे काही नियंत्रणच राहिले नसते.

विश्वस्तांपैकी एकांना तिसऱ्या पर्यायाचीही धास्ती होती. बाजार समितीच्या निवडणुका पक्षीय पॅनेलच्या असतात. संचालक मंडळावर आमदारांची माणसे असतात. अल्पसंख्याक संस्थेने त्या भानगडीत कशाला पडावे, असा त्यांचा रोख होता. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने संस्था चालवण्याचा हक्क दिलेला असला, तरी गावात राहायचे तर सर्वांशी सलोखा लागतो, हे त्यांचे म्हणणे अनुभवातून आलेले होते.

या धास्तीला उत्तर राज्यशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडमांनी दिले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ साली मुंबईत नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. गिरणीच्या आणि गोदीच्या मुंबईत वस्तीतले दारिद्र्य, मजुरी आणि घरे यांचा अभ्यास त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी होता, आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच होते. "आपल्याच परंपरेतला माणूस नागपाड्यात गेला, आणि आपण मार्केट यार्डात जायला घाबरायचे का?" हे मॅडमांचे वाक्य बैठकीत निर्णायक ठरले.

ठरले ते असे : तिसरा पर्याय स्वीकारायचा, फेलोशिप देणाऱ्या संस्थेला पुस्तके आणि एक जाहीर व्याख्यान यांसाठी अटींविना निमंत्रण द्यायचे, प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा विचार दोन वर्षांनी करायचा. संस्थेने व्याख्याता पाठवला, पुस्तके पाठवली नाहीत.

अंमलबजावणी

वाचनगटात सुरुवातीला महात्मा फुल्यांच्या १८८३ सालच्या शेतकऱ्याच्या असुडातील निवडक भाग घेतले, त्यानंतर लहान शेतधारणेवरील डॉ. आंबेडकरांच्या १९१८ सालच्या निबंधाचा मराठीत केलेला सारांश, आणि मग हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातली कोष्टके. घराघराची जमीन, तिचे तुकडे, कर्ज, मजुरी असे सगळे त्यात मोजलेले होते. आज तिथे संगणक अभियंत्यांच्या गृहसंकुलांची रांग उभी आहे हे कळल्यावर मुलांनी ती कोष्टके अधिक लक्ष देऊन वाचली. मुक्त बाजाराची बाजू मांडणारे दोन लेखही गटात वाचले गेले. पैकी एकावरची चर्चा वर्षातली सर्वांत चांगली झाली असे लेखकाचे मत आहे.

आवारातले काम मात्र पुस्तकापेक्षा कितीतरी अवघड होते. सकाळी लिलाव सुरू होण्याआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या राहतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कोणीतरी वरचा कांदा उकरून खालचा हातात घेतो, बोली सुरू होते आणि मिनिटाच्या आत संपते. भाव पुकारला की चिठ्ठी फाडली जाते, ट्रॉली भुईकाट्यावर जाते, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी पडते. एवढ्या वेगात काय घडते ते पहिल्या दोन आठवड्यांत मुलांना टिपताच येईना. मग अर्थशास्त्राच्या सरांनी कामाची दिशा बदलली. लिलाव राहू द्या, पट्ट्या जमवा, असे त्यांनी सांगितले.

हिशेबपट्टी हा एवढासा कागद आहे. वर शेतकऱ्याचे नाव आणि गाव, मग वजन, भाव, एकूण रक्कम, आणि त्याखाली चढउतार व मोजणीच्या मजुरीच्या वजावटीच्या ओळी : हमाली, तोलाई, वाराई. शेवटी निव्वळ रक्कम. जुन्या पट्ट्यांत अडतीची, म्हणजे अडत्याच्या दलालीचीही ओळ असे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला, कांदा-बटाटा बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले, तेव्हा ती ओळ गेली. कांदा उत्पादकाच्या मुलीने घरातल्या पत्र्याच्या पेटीतून दोन्ही काळांतल्या पट्ट्या आणल्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून विचारले की, ओळ गेली म्हणजे भार खरोखर गेला, की तो भाव पुकारतानाच कमी धरला जाऊ लागला. प्राध्यापकांच्या परिभाषेत हा करभाराच्या संक्रमणाचा प्रश्न आहे. तिने ती परिभाषा ऐकलेलीही नव्हती.

हमालाच्या मुलाने त्याच पट्टीतल्या हमालीच्या ओळीवर बोट ठेवले. हमाल-मापाड्यांना संरक्षण देणारा १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आला. त्यानुसार मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही माथाडी मंडळाकडे भरली जाते आणि तिच्यातून कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, बोनस व इतर लाभ भागतात. भुईकाट्यावर ट्रॉली आपोआप तोलली जात असताना मापाड्याची, म्हणजे माल तोलणाऱ्याची मजुरी आणि लेव्ही कशासाठी, हा प्रश्न कांदापट्ट्यात वर्षानुवर्षे गाजतो आहे आणि त्यावरून लिलावही बंद पडले आहेत. वाचनगटात या दोघांची जुंपली. "आमच्या घामाच्या पैशातून ही कपात कशाला?" हे तिचे म्हणणे. "माझ्या बापाची पाठ गेली, त्याला म्हातारपणी दुसरे काय आहे?" हे त्याचे. शिक्षकांनी त्या दिवशी मध्यस्थी केली नाही. त्याऐवजी दोघांनी मिळून एकच प्रकल्प करावा आणि दोन्ही घरांचा वर्षाचा हिशेब त्यात मांडावा, असे सुचवले. दोघेही आधी नाराज झाले आणि नंतर कामाला लागले. या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता असे लेखकाला ठामपणे वाटते, आणि तो बैठकीत न होता वर्गातच ऐन वेळी झाला होता.

१३ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने किमान निर्यात किमतीची अट काढली आणि शुल्क २० टक्क्यांवर आणले. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात होती. मुलांनी त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांतले आवारातले भाव टिपून ठेवले होते. भाव वाढले ते शुल्क घटल्यामुळे, की चाळीतला जुना माल संपत आल्यामुळे, हे वेगळे कसे काढायचे यावर अर्थशास्त्र विभागाने दोन शनिवार खर्च केले. निखालस उत्तर निघाले नाही, आणि अहवालात तसे लिहू दिले गेले.

मध्येच उभा राहिलेला पेच

डिसेंबरात अहवालाचा मसुदा तयार झाला आणि बाजार समितीच्या कार्यालयातून प्राचार्यांना दूरध्वनी आला. अहवाल जमा करण्याआधी आम्हाला दाखवा, व्यापाऱ्यांची नावे त्यात येता कामा नयेत, आणि पैसे उशिरा मिळण्याबाबतचे पान काढून टाका, अशी मागणी होती. माल विकल्यावर पैसे लगेच चुकते व्हावेत असा नियम असताना काही शेतकऱ्यांना पुढच्या तारखेचे धनादेश मिळतात, हे त्या पानावर होते.

महाविद्यालयाने परवानगी तोंडी घेतली होती. काय पाहणार, काय लिहिणार, कोणाला दाखवणार हे कुठेच कागदावर नव्हते, त्यामुळे महाविद्यालयाची बाजू लंगडी होती. त्यातही मोठी अडचण विद्यार्थिनीच्या घरची होती. तिचे वडील ज्या व्यापाऱ्याला माल देत, त्याचीच पट्टी तिच्या परिशिष्टात होती. वडील स्वतः विभागात आले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरीला शिकवा, पण पुढच्या महिन्यात मला त्याच दारात ट्रॉली न्यायची आहे."

तीन मार्ग होते. मजकूर काढायचा, मजकूर ठेवून परिणाम सोसायचे, किंवा कोणी ओळखू येणार नाही अशा रीतीने तो पुन्हा लिहायचा. प्राचार्यांचा कल पहिल्या मार्गाकडे, हमालाच्या मुलाचा दुसऱ्याकडे होता. शेवटी परिशिष्टातल्या सगळ्या पट्ट्या काढल्या, आकडे गटाने दिले, गावांची नावे गाळली, आणि उशिरा पैसे मिळण्याचा उल्लेख ठेवला. कार्यालयाला अहवाल माहितीसाठी दिला, संमतीसाठी नाही. निर्णय प्राचार्यांचा होता आणि तो घेताना त्यांनी विद्यार्थिनीच्या वडिलांना आधी बोलावून विचारले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. कार्यालयाने पुढे काही केले नाही, परंतु जानेवारीपासून मुलांना आवारातल्या दप्तरांपर्यंत पोहोचता येईना.

निष्पत्ती

नाव नोंदवलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनी प्रकल्प मनापासून पूर्ण केला. बाकीच्यांचे अहवाल पूर्वीसारखेच स्पायरल बाइंडिंगचे निघाले. दोघांचा संयुक्त प्रकल्प आविष्कार संशोधन स्पर्धेत विभागीय पातळीपर्यंत मराठीतून सादर झाला. पुढच्या फेरीत तो गेला नाही, पण एका परीक्षकांनी त्या दोघांना कृषी अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्या असे आवर्जून सांगितले. त्या विद्यार्थिनीने अर्थशास्त्र हा मुख्य विषय ठेवला असून ती आता टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या प्रवेशासाठी सीयूईटी या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. मुख्यमंत्री फेलोशिपची माहिती काढल्यावर पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव लागतो हे तिला कळले. गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत तो मिळेल का, याची चौकशी तिने स्वतःच सुरू केली आहे.

हमालाचा मुलगा दुसऱ्या सत्रात वाचनगटातून गळाला. कमवा व शिका योजनेतले त्याचे पैसे वेळेवर आले नाहीत, आणि संध्याकाळी तो एका गोदामात कामाला लागला. प्रकल्प त्याने पूर्ण केला. शनिवार मात्र सुटले. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागांचा क्षेत्रप्रकल्प आता कायमचा संयुक्त झाला आहे, आणि बाजार समितीऐवजी या वर्षी दोन ग्रामपंचायती व एक दूध संस्था घेतली आहे.

वेगळे काय करता आले असते

परवानगीचा कागद पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. एका पानाचा मजकूर पुरला असता : काय पाहणार, कोणाची नावे येणार नाहीत, अहवाल कोणाकडे जाणार. तो असता तर डिसेंबरातला दूरध्वनी कदाचित आलाच नसता, आणि आला असता तरी बोलण्याची जागा वेगळी असती. त्याचबरोबर, ज्या विद्यार्थ्याचे घर त्या संस्थेवर अवलंबून आहे त्याला तिथेच पाठवायचे का, हेही आधी ठरवायला हवे होते. त्याच्याइतके आतले कोणालाच दिसत नाही आणि त्याच्याइतका धोकाही कोणालाच नसतो. अशा विद्यार्थ्याने शेजारच्या तालुक्यातल्या बाजारात काम करावे, असे आता ठरले आहे. त्यात काही गमावले जाते हे मान्य करावे लागेल.

परिचारिकेच्या मुलीबाबतचा निर्णय अधिक खोलवर तपासण्याजोगा आहे. तिला शिष्यवृत्तीच्या वर्गवारीवर प्रकल्प करायचा होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाला तो मिळत नाही. तिच्या आजोबांच्या भावांपैकी एकाची नातवंडे एका वर्गवारीत आणि ती दुसऱ्या वर्गवारीत, असे तिच्या घरात होते. फी, वसतिगृह, पुढचे शिक्षण यांवर त्याचा काय परिणाम होतो, हे तिला दोन घरांच्या हिशेबातून मांडायचे होते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, केंद्राने त्यासाठी २०२२ मध्ये आयोगही नेमला आहे. तरीही ख्रिस्ती महाविद्यालयातून असा अहवाल गेल्यास त्याचा वेगळा अर्थ काढला जाईल या भीतीने समितीने तिला बाजार समितीच्या गटात घातले. तिने काम नीट केले, पण तिचा अहवाल कोणाचाही असू शकला असता. बाजार समितीच्या आवारात जायला संस्थेला परंपरेचा आधार सापडला. स्वतःच्या आवारातल्या मुलीच्या प्रश्नासाठी तो शोधला गेला नाही. तिचा विषय तृतीय वर्षाच्या संशोधन प्रकल्पासाठी पुन्हा मागवण्यात आला आणि तिने तो दिला आहे. मार्गदर्शक म्हणून दोन्ही विभागांतून एकेक शिक्षक नेमले आहेत.

पैशाचा प्रश्न राहतो. फेलोशिप नाकारताना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हमालाच्या मुलाने गट सोडून दिले. अटींचे पैसे नाकारायचे तर बिनअटींचे पैसे हातात असले पाहिजेत, आणि तेही महिन्याच्या महिन्याला. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून सत्राच्या सुरुवातीलाच आगाऊ रक्कम द्यावी आणि योजनेचे पैसे आले की ती वळती करून घ्यावी, असा ठराव समितीने विश्वस्तांपुढे ठेवला आहे. विश्वस्तांनी एका सत्रापुरती मान्यता दिली असून, लेखापरीक्षकांचा अभिप्राय आल्यावर पुढच्या सत्रांचा निर्णय होईल.